चावी फिरवली, पण मागून आवाजच नाही: जुन्या गाडीचा फ्युएल पंप तपासताना

दोन वर्षांपूर्वी श्रावणात कराडहून चिपळूणला येत होतो. कुंभार्ली घाट उतरलो आणि पोफळीच्या अलीकडे गाडीने मान टाकली. सेल्फ झकास फिरत होता, हेडलाइट लख्ख होते, पण इंजिन काही पकडेना. टो करून गॅरेजात नेली. मिस्त्रींनी पाच मिनिटांत सांगितलं, ‘फ्युएल पंप गेला.’ पंप बदलला, साडेसहा हजार गेले, गाडी सुरू झाली. आणि सतराव्या दिवशी भर बाजारात, मासळीवाल्यांच्या रांगेसमोर, पुन्हा तेच.

पंपाला काहीच झालेलं नव्हतं. मागच्या सीटखाली, ओल्या गालिच्याखाली दडलेला अर्थिंगचा एक बोल्ट गंजला होता. पंप बदलताना वायरी इकडेतिकडे हलल्या, काँटॅक्ट तात्पुरता लागला आणि सगळ्यांना वाटलं नव्या पंपाचाच गुण. माझ्या जुन्या चांगल्या पंपाचं पुढे काय झालं ते विचारू नका.

गाडी दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा आमच्या आळीतले वायरमन काका मदतीला आले. त्यांनी ज्या क्रमाने तपासणी केली तोच क्रम इथे देतोय. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला जमेल इतका तो सोपा आहे, फक्त मधल्या पायऱ्या गाळायच्या नाहीत.

तुमची गाडी यातली आहे का?

पद्मिनी किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८०० असेल तर तिचा पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो, त्याला वायरच नसते. त्यामुळे पुढचं काही लागू नाही. २००० साली देशभर ‘इंडिया २०००’ हे धुराचे नियम लागू झाले. त्याच्या आगेमागे पेट्रोल गाड्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) होत गेल्या आणि पंप गेला टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून, विजेच्या मोटरवर चालायला. हा लेख अशा गाड्यांसाठी आहे. डिझेलचा मामला निराळा.

सप्लायचा रस्ता डोक्यात ठेवा: बॅटरी, फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच), तिथून दारांच्या उंबऱ्याखालून मागे जाणारी लांब वायर, टाकीवरचं कपलर (वायरी जोडायचा प्लग), पंप, आणि परत बॉडीवर अर्थिंग, म्हणजे पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीचा रस्ता. रिले ओढायचा की नाही हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतं. चावी ऑन केली की ते पंप दोन-तीन सेकंद चालवून लाइनमध्ये प्रेशर तयार करतं (बहुतेक गाड्यांत तीन बारच्या आसपास) आणि थांबवतं. इंजिन खरंच फिरतंय असा सिग्नल क्रँक सेन्सरकडून (इंजिनाचं फिरणं ओळखणारा सेन्सर) आला तरच पंप पुढे चालू ठेवतं. अपघातात इंजिन बंद पडलं तर पेट्रोल उडत राहू नये म्हणून ही सोय. त्यामुळे पंप दोन सेकंद वाजून गप्प बसला तर तो बिघाड नाही. मी स्वतः या एका गोष्टीवर अर्धा दिवस घालवलाय.

हात घालण्याआधी

पेट्रोलची वाफ दिसत नाही आणि जड असते, जमिनीलगत साचते. गाडी उघड्यावर ठेवा, चारही दारं उघडा. विडी-सिगारेट लांब आणि अग्निशामक जवळ. पेट्रोलचा वास येत असेल तर कुठलीही वायर जोडू-तोडू नका, आधी गळती शोधा. वायर कापायची किंवा कपलरच्या पिना उघड्या करायच्या असतील तेव्हा बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा.

सामान फार लागत नाही. तीन-चारशेचा डिजिटल मल्टिमीटर, दोन मगर क्लिपा लावलेली लांब वायर, मधे १५ अँपिअरचा फ्यूज बसवलेली एक छोटी वायर, पॉलिश पेपर, टॉर्च. आणि हेडलाइटचा एक जुना एच-४ बल्ब, ज्याची एक तार गेली असली तरी दुसरी चालू आहे असा. हा बल्ब टाकू नका, पुढे सगळा खेळ त्याचाच आहे.

पहिली पायरी: कान लावा

एकाला पुढे बसवा, दुसऱ्याने मागच्या सीटवर कान लावावा किंवा पेट्रोलचं झाकण उघडून नळीपाशी ऐकावं. चावी ऑन, सेल्फ मारायचा नाही. मागून ‘घूंऽऽ’ असा दोन सेकंदांचा आवाज यायला हवा. काही गाड्यांत चावी लागोपाठ ऑन-ऑफ केली तर पंप दर वेळी वाजत नाही, म्हणून मधे मिनिटभर थांबा. काही जुन्या मॉडेलांत तो सेल्फ मारल्याशिवाय वाजतच नाही, तिथे सेल्फ मारतानाच ऐकावं लागतं.

आवाज नेहमीसारखा खणखणीत असेल तर वायरिंगच्या मागे लागू नका, फिल्टर, प्रेशर आणि स्पार्क बघायला सांगा. दमलेल्या माणसासारखा ओढत आला तर सप्लाय कमी पडतोय किंवा पंप म्हातारा झालाय. आणि आलाच नाही तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: ज्या गोष्टी बघायला लाज वाटते त्या

टाकीत पेट्रोल आहे का? हसू नका. सीएनजी किट लावलेल्या गाड्यांत महिनोन् महिने दोन लिटरवर चालवायची सवय असते आणि काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. पाच लिटर टाका आणि मग बोला. हा पंप पेट्रोलनेच थंड राहतो, कोरड्या टाकीत फिरला की तापून मरतो. सीएनजीवाल्यांचे पंप जास्त जातात त्याचं मोठं कारण हे.

मग बॅटरी. गाडी बंद असताना मीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आलेली. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करा. टर्मिनलवरची पांढरी पावडर पुसून घट्ट आवळा. अशक्त बॅटरीवर केलेली पुढची सगळी मापं फसवतात.

आता डॅशबोर्ड. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर दिवा गेलाय किंवा खुद्द ईसीयूलाच सप्लाय नाही, मग पंप कसा चालणार? मेन रिले आणि ईसीयूचा फ्यूज बघा. किल्लीचं चित्र असलेला दिवा पटापट लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (चोरीविरोधी यंत्रणेने) चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून बघा. आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या.

फोर्ड आयकॉन किंवा फियाट पॅलिओ असेल तर आणखी एक गोष्ट. या गाड्यांत धक्का बसला की पंपाचा सप्लाय तोडणारा इनर्शिया स्विच असतो. खड्ड्यात जोरात आदळली किंवा पार्किंगमध्ये कुणी मागून ठोकली तरी तो उडू शकतो. त्यावरचं बटण दाबलं की परत लागतो. जागा मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

तिसरी पायरी: फ्यूज

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो, त्यात पंपाचं चित्र किंवा ‘एफ/पी’सारखं काही लिहिलेलं शोधा. फ्यूज काढून नुसता डोळ्यांपुढे धरू नका. केसाएवढी चीर दिसत नाही. मीटर कंटिन्युइटीवर (तार सलग असली की बीप वाजते त्या खुणेवर) ठेवून वाजवून बघा. खाचेतल्या पिनाही बघा, सैल झाल्या असतील तर फ्यूज चांगला असूनही सप्लाय अडतो.

उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घाला. लाल १०, निळा १५, पिवळा २०. तोही लगेच उडाला तर मोठा घालायचा मोह आवरा, आणि सिगारेटची चांदी तर नकोच. पंपाचं कपलर सोडवून पुन्हा फ्यूज घाला. आता टिकला तर दोष पंपात आहे, मोटर जाम झालीय. तरीही उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला घासून सोलली गेलीय किंवा उंदरांनी खाल्लीय. पावसाळ्यात आमच्याकडे हे नेहमीचं. घुशी-उंदरांना वायरीचं प्लॅस्टिक आणि बोनेटची ऊब दोन्ही आवडतं.

चौथी पायरी: रिले

रिले म्हणजे दुसऱ्याच्या हाताने चालणारा स्विच. पोटातल्या कॉइलला थोडीशी वीज मिळाली की मोठा काँटॅक्ट जुळतो. नेहमीच्या रिलेवर चार आकडे असतात: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरीकडून सप्लाय येतो, ८७ मधून पंपाकडे जातो.

सोपी परीक्षा: हॉर्नचा रिले त्याच नंबरचा, तशाच पिनांचा असेल तर अदलाबदल करा. पंप वाजला तर दोनेकशे रुपयांत काम झालं. रिलेवर बोट ठेवून चावी ऑन केली तर ‘टिक’ जाणवायला हवी. पण टिक आली म्हणजे रिले चांगला, असं नाही. आतले काँटॅक्ट काळे पडले असतील तरी टिक येतच राहते. टिक येतच नसेल तर कॉइल गेलीय किंवा ईसीयूचा हुकूमच येत नाहीये. कॉइलचा रेझिस्टन्स ५० ते १२० ओहमच्या दरम्यान मिळाला तर कॉइल ठीक समजायची.

पुढची परीक्षा जपून. रिले काढून त्याच्या खाचेत ३० आणि ८७ ही भोकं फ्यूजवाल्या छोट्या वायरने जोडली की ईसीयूला न विचारता पंप थेट चालतो. चालला तर पंप आणि मागची वायरिंग धडधाकट, दोष रिलेत किंवा हुकमात. नाही चालला तर दोष मागे कुठेतरी. पण कुठलं भोक कुठलं हे रिलेच्या अंगावरचं चित्र जुळवून दोनदा बघा, ३० च्या भोकात मीटरवर बारा व्होल्ट आहेत याची खात्री करा, मगच जोडा. चुकून ईसीयूच्या पिनेवर बारा व्होल्ट गेले तर पंप परवडला म्हणायची वेळ येते. हात थरथरत असेल तर ही पायरी वायरमनवर सोपवा.

पाचवी पायरी: टाकीवरचं कपलर, आणि मीटर कसा फसवतो

कुठल्या गाडीत मागच्या सीटची गादी उचलली की गोल झाकण आणि त्याखाली पंपाचं कपलर दिसतं, कुठल्या गाडीत टाकीच खाली उतरवावी लागते. तुमची दुसऱ्या जातीची असेल तर टाकीकडे येणाऱ्या वायरीचं आधीचं कपलर शोधा, ते सहसा हाताला लागतं. टाकीचं तोंड या कामासाठी उघडायचं नाही, फक्त बाहेरचं कपलर.

कपलरमध्ये बहुधा चार वायरी असतात: दोन जाड पंपाच्या, दोन बारीक पेट्रोलच्या काट्याच्या. आपलं काम जाड वायरींशी.

मी मोठ्या उत्साहाने कपलर सोडवलं, मीटरच्या सुया दोन जाड पिनांवर टेकवल्या आणि चावी ऑन करायला सांगितली. १२.३ व्होल्ट! मी म्हटलं, ‘काका, सप्लाय तर पुरेपूर येतोय. म्हणजे नवा पंपसुद्धा गेला.’

काकांनी पान गालात सरकवलं. ‘मीटर काय पेट्रोल ओढतं होय रे? त्याला कसला भार? दिवा लाव, दिवा.’

बल्ब जोडला. काजव्यासारखा लाल झाला आणि विझला. मीटर तसाच लावून ठेवला होता, त्यावर तेवढ्यापुरते चार व्होल्ट दिसले.

यामागचा हिशोब शाळेतलाच आहे. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायर सगळी गंजून तिची एकच बट शिल्लक असली तरी त्या बटेतून मीटरपुरता करंट सहज जातो आणि आकडा पूर्ण दिसतो. पंपाला मात्र पाच अँपिअरच्या आसपास लागतात. वाटेत गंजामुळे एकच ओहमचा अडथळा असला तरी पाच अँपिअर गुणिले एक ओहम, म्हणजे पाच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. उरलेल्या सातावर पंप नुसता कण्हतो. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे पंपाइतकाच भार. पंपाऐवजी बल्ब लावा आणि मीटर सोबत धरा. बल्ब लख्ख पेटला तर सप्लाय खरा. चावीवर दोनच सेकंद मिळतात, म्हणून चौथ्या पायरीतली जोडवायर लावून ठेवली तर निवांत मोजता येतं. बल्ब भाजतो, त्यामुळे लांब वायरी लावून तो गाडीबाहेर फरशीवर ठेवा. सीटवर ठेवलात तर भोक पडेल, आणि पेट्रोलजवळ ठेवण्याचा तर प्रश्नच नाही.

सहावी पायरी: व्होल्ट कुठे गळतात

बल्ब मंद असेल तर तो पेटलेला असतानाच दोन मापं घ्या. पहिलं: मीटरची लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी कपलरच्या पॉझिटिव्हवर. दिसणारा आकडा म्हणजे येताना वाटेत गळलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. दुसरं: लाल सुई कपलरच्या अर्थवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे ०.२ पेक्षा जास्त नको. माझ्या गाडीत पहिलं माप ०.४ होतं. दुसरं साडेसात.

म्हणजे जाणारा रस्ता ठीक, परतीचा तुंबलेला. बहुतेक लोक, आणि बहुतेक गॅरेजंही, येणारा सप्लाय बघतात आणि अर्थिंग विसरतात. पंपाची अर्थची काळी वायर गालिच्याखालून जात एका बोल्टापाशी संपत होती. वायरीच्या टोकाची धातूची कडी, म्हणजे थिंबल, बोटाने हलवलं तर बोल्टासकट गरगर फिरलं. खाली तांब्यावर हिरवा थर आणि पत्र्यावर लाल गंज. मागच्या दाराचं रबर फाटलेलं, चार पावसाळे पाणी तिथेच मुरत होतं.

पॉझिटिव्हच्या बाजूने गळत असेल तर बघायच्या जागा ठरलेल्या: दारांच्या उंबऱ्याखालची कपलरं, सीएनजी किट बसवताना कापून जोडलेल्या वायरी, आणि कुणीतरी कधीतरी बसवलेला चोरस्विच किंवा रिमोट लॉकचा डबा. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाला फोन करून विचारा, ‘काही जास्तीचं लावलंय का?’ इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली कुठलीही गाठ दिसली की आधी तीच उलगडा. अंदाज बांधण्यापेक्षा मीटरची काळी सुई एकेका जोडावर टेकवत पुढून मागे या. ज्या जोडाच्या अलीकडे आकडा कमी आणि पलीकडे जास्त, तोच गुन्हेगार.

दुरुस्ती

वायर कापत मागे जा, तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत. काळ्या पडलेल्या तांब्यावर केलेला जोड सहा महिने टिकत नाही. त्याच जाडीची वायर, दाबून बसवलेलं थिंबल, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी). नुसती टेप उन्हाने सुटते आणि पावसाने भिजते. अर्थच्या जागी रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून पत्रा उघडा करा, बोल्ट नवा घाला, आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही, नंतर. कपलरचं प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळल्यासारखं दिसत असेल तर ते बदलाच, तापलेल्या पिना पुन्हा पकड घेत नाहीत.

बल्ब लख्ख पेटतोय, दोन्ही मापं ठीक आहेत, आणि तरी पंप गप्प, तर आता म्हणा पंप गेला. वाटेत अडकला असाल तर टाकीवर खालून रबरी हातोडीने किंवा चपलेने दोन-चार ठोके देत दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. झिजलेले कार्बन ब्रश कधी कधी हलून लागतात आणि घरापर्यंत पोचता येतं. ती उसनी वेळ समजा. पंप बदलण्यासाठी टाकी उघडावी लागते, ते काम मी घरी करत नाही आणि नवशिक्यानेही करू नये. मिस्त्रींना पंपासोबत जाळी, फिल्टर आणि झाकणाचं रबर नवं घालायला सांगा.

कधी चालते, कधी नाही

हा सगळ्यात छळणारा प्रकार. गॅरेजात नेली की शहाण्यासारखी वागते. यावर काकांचा उपाय: कपलरच्या पॉझिटिव्ह वायरवर दोन अँपिअरच्या फ्यूजमधून एक बारीक वायर काढायची, डॅशबोर्डवर छोटा बारा व्होल्टचा दिवा चिकटवून त्याला जोडायची आणि दिव्याची दुसरी वायर पुढेच चांगल्या पत्र्यावर अर्थ करायची. पंपाला सप्लाय आहे तोवर दिवा पेटलेला. गाडी चालता चालता बंद पडली की दिव्याकडे बघा. गाडी गचके खात थांबत असताना तो आधीच विझला असेल तर दोष रिले, फ्यूज, पुढची वायर किंवा सेन्सर यांत. इंजिन मरत असतानाही पेटलेला असेल तर पंप किंवा त्याचं अर्थिंग. बघायचं ते त्या पहिल्या क्षणाला, कारण इंजिन थांबलं की ईसीयू सप्लाय तोडणारच.

आमचा दिवा आठ दिवस होता. शेजारच्या पोरांना वाटलं गाडीला नवीन अलार्म बसवला. तो काढला तेव्हा फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत एक कागदी पट्टी चिकटवली: ‘पंपाकडे ०.४, अर्थिंग ०.१, बल्ब लावून.’ खाली तारीख. आता दर पावसाळ्यानंतर गादी उचलून ती दोन मापं घेतो आणि जुन्याखाली नवा आकडा लिहितो. गेल्या दिवाळीला अर्थिंग ०.१ च होतं. दाराचं रबर मात्र पुन्हा फाटलंय.